डबा रिकामा पाठवू नये

आई धुळ्याहून परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत डबे होते आणि त्यांच्या तोंडाला बांधलेलं फडकं सुटलेलंही नव्हतं. सकाळी पहिल्या एसटीनं ती बिबडे घेऊन गेली होती आणि दुपारी त्याच बिबड्यांसकट परत आली होती. मी परीक्षा संपवून आदल्याच दिवशी वसतिगृहातून घरी आले होते. तिनं डबे ओट्यावर ठेवले, पाणी प्यायली, आणि मग सांगितलं की दुकानवाल्या नानांनी यंदा माल घ्यायचं नाकारलं. त्यांच्याकडे आता मशीनवरचे बिबडे येतात. सगळे एका मापाचे, चकचकीत पाकिटात. नाना वाईट माणूस नाही. त्यांनी तिला चहा पाजला आणि गिऱ्हाईक पाकीट मागतं एवढंच सांगितलं.

बिबडे म्हणजे आमच्या खानदेशातले ज्वारीचे पापड. पण पापड म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते हे नाही. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, वाळवून दळायची, मग पहाटे मोठ्या पातेल्यात त्या पिठाचा घाटा शिजवायचा. त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ. ऊन चढायच्या आत ओल्या हातानं कापडावर एकेक बिबडं थापायचं, ताटाएवढं. घाटा ढवळायला दोघी लागतात, थापायला तिसरी. आमच्याकडे कुठलीच बाई एकटीनं बिबडे करत नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या.

आईबरोबर त्या दोघी म्हणजे शेजारच्या अक्का आणि मागच्या गल्लीतली एक मावशी. दोघी नात्यातल्या नाहीत, पण मला आठवतं तेव्हापासून त्या आमच्याच घरातल्या आहेत. अक्का सगळ्यांत मोठ्या, तोंडानं तिखट. दोन वर्षांपूर्वी तिघींनी ठरवलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरते करतो त्याऐवजी जास्त करू आणि धुळ्याला देऊ. दोन उन्हाळे नानांनी सगळा माल घेतला. म्हणून यंदा त्यांनी आणखी वाढवला. घरात पत्र्याच्या अकरा कोठ्या भरून उभ्या होत्या. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खाट त्यामुळे बाहेर ओट्यावर गेली होती.

माल पावसाळ्यापर्यंतच टिकतो, ही खरी अडचण होती. हवा दमट झाली की बिबडे मऊ पडतात, वास धरतात, आणि मग कुणी घेत नाही. पाऊस पडला की निंदणीही सुरू होते. निंदणी म्हणजे पिकातलं गवत विळ्यानं काढणं, दिवसभर वाकून, चिखलात. आई माझ्या जन्माआधीपासून दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जात होती. यंदा तिनं आणि त्या दोघींनी शेतमालकिणीला पहिल्यांदाच सांगून टाकलं होतं की आमचं धरू नका. मालकीणबाई हसून म्हणाल्या होत्या, बघू. कोठ्या रिकाम्या झाल्या नाहीत तर तिघींना परत विळा घेऊन जावं लागणार होतं, आणि पुढच्या वर्षी बिबड्यांचं नाव कुणी काढलं नसतं.

जेवताना आईनं मला विचारलं. आवाज न चढवता, जणू मीठ मागावं तसं.

"तू कॉलेजमा शिकी ऱ्हायनी ना? मंग सांग, आते काय करानं?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. धुळ्याला व्यवसाय व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला होते. मार्केटिंगचा एक पूर्ण विषय मी अभ्यासला होता, त्यात बरे गुणही होते. आमच्या मॅडमनी सुट्टीसाठी एक काम दिलं होतं: कुठलाही एक व्यवसाय निवडा आणि त्याच्यासाठी विक्रीच्या नव्या कल्पना सुचवा. मी वसतिगृहाजवळचं मोबाइलचं दुकान निवडलं होतं. आई जे करते त्याला व्यवसाय म्हणतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या पावसाळ्यात कॉलेज सुरू झालं तेव्हा मी एसटीनं धुळ्याला निघाले होते. आमचं गाव शिंदखेड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच शेतं. गाडी पुढे आली तेव्हा आई कपाशीत वाकलेली दिसली. ती उभी राहिली, विळा धरलेला हात वर केला. माझ्या शेजारी वर्गातली एक मुलगी बसली होती. मी हात हलवला नाही, पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. आईनं त्याबद्दल कधी विचारलं नाही. गाडीत मी तिला दिसले नसेन असंही असेल. पण तिनं जेवताना तो प्रश्न विचारला तेव्हा मला पहिल्यांदा तो हात आठवला.

मी म्हणाले, सांगते. आणि वही काढली.

पहिली कल्पना पाकिटाची. नानांच्या दुकानात पाकीट विकलं जातं, तर आपणही पाकीट करू. मी धुळ्याला जाऊन एका छापखान्यातून स्टिकर करून आणले. त्यावर नथ घातलेली, डोक्यावर पदर घेतलेली एक हसरी बाई होती आणि खाली 'पारंपरिक चवीचा अस्सल वारसा' असं लिहिलेलं होतं. चित्र छापखान्यातल्या संगणकात आधीपासूनच होतं. मला ते फार आवडलं. अक्कांनी स्टिकर उन्हात धरून नीट बघितला.

"हाई बाईना हात देख," त्या आईला म्हणाल्या. "हिनी कधी घाटा हाटेल नही." हाटणं म्हणजे ढवळणं.

मावशीनं वारसा म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, मग बिबडं खायच्या आधी कुणीतरी मरायला पाहिजे का.

पण खरी पंचाईत पुढे होती. ताटाएवढं बिबडं पाकिटात मावेना. मग आम्ही ते तोडून भरायला लागलो. आईनं दोन तोडले आणि हात थांबवला. उन्हात गुडघे दुखवून जे अख्खं वाळवलं ते स्वतःच्या हातानं मोडायचं तिच्या जिवावर आलं. उरलेले मीच मोडले. शिंदखेड्याच्या आठवडे बाजारात मी आणि मावशी पाकिटं घेऊन बसलो. बायका थांबायच्या, पाकीट दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, फोड, एक तुकडा दे. आमच्याकडे कुठलीही बाई कच्च्या बिबड्याचा तुकडा दाताखाली धरल्याशिवाय ते घेत नाही. आंबूस किती आहे, तीळ कडू तर नाहीत, हे तिला तिथल्या तिथे कळायला हवं असतं. मी सांगायचे की पाकीट फोडता येत नाही, बंद आहे, स्वच्छ आहे. त्या हो म्हणायच्या आणि पुढे जायच्या. संध्याकाळी आम्ही जवळजवळ सगळी पाकिटं परत आणली.

दुसरी कल्पना मोबाइलवरच्या व्हिडिओची. आईला नवी साडी नेसवून घाट्याच्या पातेल्याशी बसवलं. एरवी घाटा ढवळताना आई आणि अक्का गावातल्या एकूण एक माणसाची हजेरी घेतात. पण मोबाइल समोर धरताच आई ताठ झाली आणि शाळेच्या बाईंसारखं बोलायला लागली: नमस्कार, आम्ही ज्वारी स्वच्छ निवडून घेतो. अक्का मागून हसत होत्या, त्यांचं हसणंही व्हिडिओत आलं. वसतिगृहातल्या मैत्रिणींना तो फार आवडला. त्यांनी पुष्कळ हृदयं पाठवली. बिबडे कुणी मागितले नाहीत.

मी आईला रोज सांगायचे की अजून कल्पना आहेत. ती मान डोलवायची. कोठ्या तिथेच होत्या. आबा एकदा, फक्त एकदाच, म्हणाले की निंदणीचं परत सांगून ठेवायला हवं का. आई उठून कोठ्यांची झाकणं घट्ट बसवायला लागली. ते मला जास्त लागलं.

तिसरी कल्पना मला खात्रीची वाटली, कारण ती पुस्तकात होती. लोकांना आधी फुकट चव द्यायची, मग मत विचारायचं, मग मागणी घ्यायची. शिंदखेड्याच्या बाहेर नव्या वसाहतीत शिक्षक, बँकेतले, एसटीतले लोक राहतात. मूळचे सगळे खेड्यांतलेच, पण आता अंगण नाही, थापायला शेजारीण नाही. आपलं गिऱ्हाईक तिथे आहे, हे मी वहीत लिहिलं. पाकिटांचे मोडके तुकडे होतेच. आईला लग्नकार्यांत आहेर म्हणून मिळालेले स्टीलचे छोटे डबे फळीवर होते, झाकणांवर कुणाकुणाची नावं कोरलेले. त्यांतले चोवीस डबे घेतले, भरले आणि मी एकटी निघाले. प्रत्येक दारात मी शुद्ध मराठीत एकच वाक्य बोलले: आमच्या घरचे बिबडे आहेत, चव घेऊन बघा, मी तीन दिवसांनी डबा न्यायला येईन तेव्हा आपलं मत सांगा. सगळ्या जणींनी कौतुकानं घेतलं.

तीन दिवसांनी मी वही-पेन घेऊन गेले. पहिल्या घरातल्या काकूंनी डबा दिला. जड लागला म्हणून झाकण उघडलं तर आत साखर. मी म्हणाले, काकू, बिबडे कसे वाटले. त्या म्हणाल्या, छान होते, आईला सांग. आणि दार लोटलं. दुसऱ्या घरातून शेंगदाणे आले. तिसऱ्यातून तूरडाळ. एकीनं कैरीच्या लोणच्याच्या फोडी घातल्या होत्या, एकीनं तांदूळ. एका घरात काहीच नव्हतं बहुतेक, त्या बाईंनी मला थांबवून गॅलरीतल्या कुंडीतल्या पाच हिरव्या मिरच्या तोडून डब्यात टाकल्या.

तेव्हा मला कळलं माझं काय चुकलं होतं. शेजारणीच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी स्वतः लहानपणी कितीदा तरी असे डबे पोचवले होते. मूठभर साखर तरी टाकायचीच. त्या सगळ्या बायकांनी रीत पाळली होती. स्टीलचा डबा, त्यावर कुणाचं तरी नाव, आत घरचे बिबडे, आणि घेऊन आलेली परकर-पोलक्यातली नसली तरी गावाकडचीच वाटणारी मुलगी. त्यांना यात विक्री कुठे दिसणार. कुणाच्या तरी आईनं वानोळा पाठवला, आपण परतफेड केली, विषय संपला. पुस्तक लिहिणाऱ्याला हे माहीत नसणार. पण मला माहीत असायला हवं होतं.

घरी परतताना माझी पिशवी जातानापेक्षा जड होती. मी ती आईसमोर ठेवली आणि रडू आवरत सगळं सांगितलं. आई आणि अक्का एकमेकींकडे बघायला लागल्या. मग जे हसल्या ते डोळ्यांना पदर लावेपर्यंत.

"तू इकाले गयती," अक्का म्हणाल्या, "का सोयरीक जोडाले?"

मलाही हसू आलं, पण पूर्ण नाही. आई एकेक डबा उघडून जिन्नस वेगळे करत होती. तिला त्यात खरंच आनंद होत होता, साखर कुणाची, डाळ कुणाची ते विचारत होती. एका डब्यात साखरेवर घडी केलेला कागद होता. मला तो दारात दिसलाच नव्हता. आईनं माझ्याकडे दिला, मी वाचला. एका शिक्षिकाबाईंनी लिहिलं होतं की माझी मुलगी पुण्याला असते, तिला बिबडे फार आवडतात, मी आता करू शकत नाही. ती आखाजीला येणार आहे, तिच्याबरोबर द्यायला मिळतील का. खाली फोन नंबर.

मी तो कागद दोनदा वाचला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात हा लेकींचा सण, तेव्हा सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. झोके बांधतात, सांजोऱ्या होतात, आणि चार दिवसांनी परत जाताना प्रत्येकीबरोबर एक बांधणी जाते: पापड, शेवया, बिबडे. लेक कितीही शिकलेली असो, पुण्या-सुरतेला कितीही मोठ्या घरात असो, तिच्याबरोबर ते जातंच. आखाजी नऊ दिवसांवर होती. वसाहतीतल्या त्या चोवीस घरांतल्या किती जणींच्या मुली येणार होत्या, आणि किती जणींच्या हातात बांधून द्यायला काही नव्हतं.

आणि डबा रिकामा परत येत नाही. मग त्यात साखरेऐवजी, किंवा साखरेबरोबर, एक नाव का येऊ नये?

ही कल्पना माझी असं मी म्हणते, पण खरं तर ती माझ्यासमोर ओट्यावर चोवीस डब्यांत मांडलेली होती. मी फक्त ती वाचली. तरी मला आठवतं, मी आईला सांगायला लागले तेव्हा माझी जीभ अडखळत होती, आणि मधेच आईनं हातातली डाळ खाली ठेवली. म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. अख्खे बिबडे पैसे घेऊनच द्यायचे, मोडायचे नाहीत. पोळ्यांचा चपटा, रुंद डबा असतो त्यात ते बरोबर बसतात. डबा आपला राहील. ज्या घरी जाईल त्यांनी सवडीनं परत पाठवायचा, आणि आत कुणा तरी दुसऱ्या लेकीचं नाव घालायचं, जिला बिबडे हवेसे वाटतील.

आई अक्कांकडे वळली. अक्का म्हणाल्या, डबा गेला आणि आलाच नाही तर. आई म्हणाली, येईल. आपल्याकडची बाई दुसरीचा डबा ठेवून घेत नाही.

पोळ्यांचे डबे विकत घ्यायला धुळ्याच्या भांड्यांच्या दुकानात आई स्वतः आली. उरलेले डबे परत घेण्याचं तिनं दुकानदाराकडून कबूल करून घेतलं. मी चिठ्ठी लिहायला बसले. पहिल्या चिठ्ठीत पुन्हा वारसा आला, परंपरा आली. ती मी फाडली. मग आईला विचारलं की तू असतीस तर काय सांगितलं असतंस. तिनं सांगितलं तसं लिहिलं: हे बिबडे तिघींनी मिळून केले आहेत. निखारा नसेल तर गॅसवर मंद भाजावे, वर कच्चं तेल, बरोबर शेंगदाणे. डबा आमच्या घरचा आहे, तो परत यावा. पण रिकामा पाठवू नये, एका माहेरवाशिणीचं नाव आणि फोन लिहून आत ठेवावा. एवढंच. प्रत्येक चिठ्ठी मी हातानं लिहिली, कारण छापलेली चिठ्ठी आईला लग्नपत्रिकेसारखी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी परत वसाहतीत गेले, या वेळी आईला घेऊन. पहिल्या दारात मी माझं शुद्ध मराठी वाक्य सुरू केलं. आई मागे उभी होती. तिनं मला हलकेच बाजूला केलं आणि अहिराणीत विचारलं की ताई, पोरगी येणार आहे ना आखाजीला. त्या काकू, ज्या माझ्याशी पुस्तकासारखं बोलल्या होत्या, एकदम अहिराणीत आल्या. लेक परवा येणार, जावई नंतर येणार, नातवाला दात आले. आईनं डबा उघडून बिबड्याचा तुकडा मोडून पुढे केला. या वेळी तिला मोडताना काही वाटलं नाही. काकूंनी दाताखाली धरला, डोळे मिटले, ज्वारी किती दिवस भिजवलीस ते विचारलं. मग आणखी दोन शेजारणींना हाक मारली. मी वहीत नावं लिहीत होते आणि माझा हात पुरत नव्हता. वर्गात मी कधी अहिराणीत एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी शेवटच्या चार घरांत आईच्या आधी मी बोलले, अडखळत, पण बोलले.

आखाजीला वसाहतीतून जे डबे गेले ते पुण्याला, नाशिकला, सुरतेला, एक तर साक्रीकडे. त्यानंतरचे दहा दिवस अवघड होते. डबे गेले, परत काहीच नाही. कोठ्या चारच रिकाम्या झाल्या होत्या. एसटीचा आवाज आला की आई दाराकडे बघायची. मला वाटायला लागलं होतं की याही वेळी मी फक्त वहीतच हुशार निघणार.

पहिला डबा परत आला तो एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर. सुट्टीतले लग्नाचे दिवस होते, गावाकडे येणाऱ्यांची रीघ होती, आणि ज्याच्या हाती लागेल त्याच्याबरोबर डबे यायला लागले. पुण्याच्या डब्यात बाकरवडी होती आणि चिठ्ठीवर एक नाव मागितलं होतं तिथे पाच नावं होती. सगळ्या एकाच इमारतीतल्या, यावल, शिरपूर, साक्रीकडच्या. सुरतेच्या डब्यात मिठाई आणि तीन नावं. एका डब्यात लहान मुलाचं चित्र होतं, ताटाएवढा गोल आणि त्याखाली 'बिबडं'. नाशिकच्या एका ताईंनी डबा काठोकाठ रव्याच्या लाडवांनी भरून पाठवला, आणि नाव एकही नाही. मी हिरमुसले. आई म्हणाली, डबा भरून आला, आणखी काय पाहिजे. मी तरी चिकाटीनं त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं, नावं लिहायला जागा होती का त्यात. आणि फोनवरच चार नावं दिली.

मग फोनच यायला लागले. आई, अक्का आणि मावशी पहाटेच उठून डबे भरायच्या, आबा सायकलवरून ते एसटी थांब्यावर पोचवायचे. सातवी कोठी रिकामी झाली, मग नववी. आबांची खाट ओट्यावरून आत आली.

ते सगळं चालू असताना धुळ्याच्या नानांचा निरोप आला. त्यांना कुणीतरी डबा दाखवला होता. मी आईबरोबर गेले. नानांनी पुन्हा चहा पाजला आणि म्हणाले, डब्यातले बिबडे आमच्या दुकानातही ठेवू, फक्त चिठ्ठीऐवजी दुकानाचं लेबल लागेल. आईनं कप खाली ठेवला.

"कागद मनी पोरनी लिखेल शे," ती म्हणाली. "तो काढानं नही."

नानांनी डब्यातली चिठ्ठी काढून वाचली. मग हसले आणि म्हणाले, बरं, तुमच्या कागदासकट द्या. मी तेव्हा खाली, माझ्या चपलांकडे बघत होते. आई माझ्याबद्दल कुणासमोर असं कधी बोलली नव्हती. बाहेर आल्यावर आम्ही चालत निघालो. बसस्थानकापर्यंत तिनं माझी पिशवीही तिच्याच खांद्यावर घेतली होती.

अकरावी कोठी ज्येष्ठात रिकामी झाली. आईनं ती उपडी करून उन्हात ठेवली. पाऊस त्यानंतर आठवड्याभरानं आला. शेतमालकीणबाई निंदणीचं विचारायला आल्या. सवयीनं आल्या असाव्यात. आई ओट्यावर बसून परत आलेल्या चिठ्ठ्या नीट करत होती. पुढच्या उन्हाळ्यासाठी मी तिला नावांची वही करून दिली होती. ती वाचते सावकाश, बोट ठेवून, पण वाचते. तिनं मालकीणबाईंना बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि सांगितलं की यंदा नाही. मालकीणबाईंनी वही बघितली, चिठ्ठ्या बघितल्या. जाताना म्हणाल्या, माझ्या सुरतच्या मुलीचं नाव घाल त्यात.

मी मॅडमकडे मोबाइलच्या दुकानाचा प्रकल्प दिलाच नाही. आमच्या बिबड्यांचा दिला. तो कसा झाला हे माझं मला ठरवता येत नाही. प्रसिद्धीच्या साधनांच्या जागी मी 'स्टीलचा डबा' असं लिहिलं. पाकीट आणि व्हिडिओ का फसले तेही लिहिलं, खोडलं नाही.

कॉलेज सुरू झालं तेव्हा मी नेहमीच्याच एसटीनं निघाले. खिडकीत बसले. रस्त्याकडेच्या कपाशीत बायका ओळीनं वाकलेल्या होत्या, डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या. मी सवयीनं आईला शोधायला लागले. एकेक पाठ बघत गेले. मग आठवलं की ती मागे थांब्यावर उभी आहे, मला सोडायला आलेली, हातात सुकी पिशवी, पायांना चिखल नाही. त्या ओळीतल्या एका बाईनं मान वर केली. अक्का म्हणत होत्या की पुढच्या उन्हाळ्यात आणखी दोघींना घ्यायला पाहिजे, त्यांतली एक ती होती. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिले. शेजारच्या मुलीनं विचारलं, कोण आहे. मी सांगितलं, आमच्या गावची आहे, पुढच्या वर्षी आईबरोबर बिबडे करणार आहे.

माझ्या मांडीवर पोळ्यांचा चपटा डबा होता. आईनं शेवटचे सहा बिबडे माझ्यासाठी ठेवले होते. आत चिठ्ठीही होती, माझ्याच अक्षरातली, सगळ्यांना जाते तीच.